फोटॉन : नाशिकच्या नोटेपासून लासलगावच्या कांद्यापर्यंत

कोणत्याही एका रंगाच्या प्रकाशाची देवाणघेवाण ज्या सर्वांत लहान, अखंड हप्त्याने होते, त्या हप्त्याला पुंजभौतिकीत ‘फोटॉन’ म्हणतात. मराठीत त्यासाठी ‘प्रकाशकण’ हा शब्द रूढ आहे. दिवा लावला की प्रकाश पाण्यासारखा सलग पसरतो, असे डोळ्यांना भासते. प्रत्यक्षात तो असंख्य सुट्या फोटॉनांच्या रूपाने बाहेर पडत असतो आणि भिंत, पुस्तकाचे पान किंवा डोळ्यातील पडदा त्याला एकेका फोटॉनच्या हिशेबानेच स्वीकारत असतो. ही कल्पना एका शतकाहून अधिक जुनी असली, तरी ती केवळ प्रयोगशाळेपुरती किंवा पाठ्यपुस्तकापुरती आहे, असा समज अद्याप कायम आहे.

नाशिक जिल्ह्यापुरते पाहिले तरी हा समज टिकत नाही. नाशिकरोडच्या मुद्रणालयात छापल्या जाणाऱ्या चलनी नोटेची एक सुरक्षा खूण अतिनील फोटॉनवर चालते. लासलगावच्या केंद्रात कांद्याला कोंब फुटू नयेत म्हणून गॅमा फोटॉनचा मारा केला जातो. जिल्ह्याची हद्द ओलांडून पुण्याच्या रस्त्याला लागले की नारायणगावाजवळ खोडद येथे रेडिओ दुर्बिणीच्या प्रचंड तबकड्या दिसतात. त्या अंतराळातून येणारे अत्यंत क्षीण रेडिओ फोटॉन टिपतात. अतिनील, गॅमा आणि रेडिओ हे तिन्ही प्रकार म्हणजे मुळात प्रकाशच. त्यांच्यात फरक आहे तो फक्त एका फोटॉनमधील ऊर्जेचा. नोट खरी की खोटी, विकिरण प्रक्रिया केलेला कांदा खावा की नाही, मोबाइलच्या मनोऱ्याला किती भ्यावे, या रोजच्या प्रश्नांची उत्तरे याच एका फरकात दडलेली आहेत.

रंग म्हणजे किंमत, प्रखरता म्हणजे संख्या

फोटॉनची ऊर्जा काढण्याचे सूत्र अतिशय सुटसुटीत आहे. प्रकाशाची कंप्रता, म्हणजे सेकंदाला होणाऱ्या कंपनांची संख्या, प्लँकच्या स्थिरांकाने गुणली की एका फोटॉनची ऊर्जा मिळते. कंप्रता जितकी जास्त, तितकी तरंगलांबी कमी आणि फोटॉन तितका बलवान. प्लँकचा स्थिरांक इतका सूक्ष्म आहे की, दशांश चिन्हानंतर ३३ शून्ये आणि त्यापुढे ६६२६ असे आकडे लिहिल्यावर त्याचे ज्यूल-सेकंद या एककातील मूल्य मिळते. मे २०१९ पासून हे मूल्य कायमचे निश्चित करण्यात आले असून किलोग्रॅमची व्याख्याही आता त्यावरच आधारलेली आहे.

इतक्या लहान ऊर्जा मोजण्यासाठी शास्त्रज्ञ ‘इलेक्ट्रॉन व्होल्ट’ हे एकक वापरतात. तांबड्या प्रकाशाच्या एका फोटॉनची ऊर्जा सुमारे १.९ इलेक्ट्रॉन व्होल्ट, हिरव्याची सुमारे २.४ आणि जांभळ्याची सुमारे ३.१ असते. डोळ्यांना न दिसणाऱ्या अतिनील प्रकाशात ती आणखी वाढते, क्ष-किरणांत हजारांच्या आणि गॅमा किरणांत लाखांच्या घरात जाते. उलट दिशेला अवरक्त, सूक्ष्मलहरी आणि रेडिओलहरी असा उतार लागतो.

येथे नाण्यांचे उदाहरण उपयोगी पडते. दहा रुपयांचेच नाणे घेणाऱ्या एखाद्या यंत्रात रुपयाची शंभर नाणी टाकली तरी ते चालत नाही. एकूण रक्कम दहापट झाली तरी यंत्राला हवे असलेले नाणे त्यात नसते. अणू आणि रेणू नेमके असेच वागतात. प्रकाशाचा रंग म्हणजे नाण्याची किंमत आणि प्रखरता म्हणजे नाण्यांची संख्या. दोन वॉट हिरवट प्रकाश देणाऱ्या छोट्या दिव्यातून सेकंदाला सुमारे साडेपाच अब्ज गुणिले एक अब्ज इतके फोटॉन बाहेर पडतात. संख्या एवढी प्रचंड असल्यामुळेच प्रकाश सलग भासतो.

गच्चीवरच्या सौर पॅनेललाही हाच नियम लागू आहे. सिलिकॉनमधील इलेक्ट्रॉन मोकळा करण्यास सुमारे १.१ इलेक्ट्रॉन व्होल्ट लागतात. त्याहून दुबळा अवरक्त फोटॉन वीजनिर्मितीच्या दृष्टीने वाया जातो. बलवान निळ्या फोटॉनमधील जादा ऊर्जा उष्णतेत जाते. एकाच थराच्या सौरघटाची कार्यक्षमता सैद्धांतिकदृष्ट्याही साधारण एक तृतीयांशाच्या पुढे जाऊ शकत नाही, त्याचे मुख्य कारण हेच होय.

कल्पनेचा जन्म आणि तिला झालेला विरोध

१४ डिसेंबर १९०० रोजी बर्लिन येथे मॅक्स प्लँक यांनी तापलेल्या वस्तूंतून बाहेर पडणाऱ्या प्रारणाच्या सूत्राची उपपत्ती मांडली. त्यासाठी ऊर्जेची देवाणघेवाण ठरावीक हप्त्यांतच होते, असे त्यांना गृहीत धरावे लागले. प्लँक यांच्या लेखी ही बरीचशी गणिती सोय होती. १९०५ मध्ये बर्न येथील पेटंट कार्यालयात नोकरी करणाऱ्या अल्बर्ट आइन्स्टाइन यांनी त्यापुढचे धाडसी पाऊल टाकले. देवाणघेवाणच नव्हे, तर प्रकाश स्वतःच ऊर्जेच्या सुट्या हप्त्यांचा बनलेला आहे, असे मानले तर अनेक कोडी सुटतात, असे त्यांनी सुचवले.

त्यातील प्रमुख कोडे प्रकाशविद्युत परिणामाचे होते. धातूवर प्रकाश पडला की त्यातून इलेक्ट्रॉन बाहेर पडतात. मात्र प्रकाश एका ठरावीक कंप्रतेहून खालचा असेल, तर तो कितीही प्रखर केला तरी काहीच घडत नाही. तरंगाच्या कल्पनेत हे बसत नव्हते. एक फोटॉन एका इलेक्ट्रॉनला आपली सर्व ऊर्जा देतो, या आइन्स्टाइन यांच्या कल्पनेने ते सहज उलगडले. अमेरिकेचे रॉबर्ट मिलिकन यांना ही कल्पना पटलेली नव्हती. त्यांनी कित्येक वर्षे काटेकोर मोजमाप केले आणि १९१६ मध्ये आइन्स्टाइन यांचे समीकरण तंतोतंत बरोबर ठरले. तरीही प्रकाशकणांवर विश्वास ठेवण्यास मिलिकन त्या वेळी तयार नव्हते. आइन्स्टाइन यांना १९२१ चे नोबेल पारितोषिक मिळाले, ते प्रकाशविद्युत परिणामाच्या नियमासाठीच.

जनमत बदलले ते आर्थर कॉम्प्टन यांच्या प्रयोगाने. ग्रॅफाइटवर आदळून बाजूला वळलेल्या क्ष-किरणांची तरंगलांबी वाढलेली असते, असे त्यांना आढळले. कॅरमची एक सोंगटी दुसरीवर आदळावी आणि वेग वाटला जावा, तसा क्ष-किरणांचा फोटॉन इलेक्ट्रॉनवर आदळून आपली काही ऊर्जा त्याला देतो, असे मानूनच १९२३ मध्ये त्याचे स्पष्टीकरण देता आले. फोटॉनला ऊर्जेबरोबर संवेगही असतो, हे त्यातून सिद्ध झाले.

या इतिहासात भारताचा वाटा मोठा आहे. ढाका विद्यापीठातील सत्येंद्रनाथ बोस यांनी १९२४ मध्ये प्लँकचे सूत्र निव्वळ प्रकाशकणांच्या मोजणीतून सिद्ध केले. एका रंगाचे दोन फोटॉन एकमेकांपासून वेगळे ओळखताच येत नाहीत, असे गृहीत धरून त्यांनी ही मोजणी केली. तो निबंध त्यांनी आइन्स्टाइन यांच्याकडे पाठवला. आइन्स्टाइन यांनी स्वतः त्याचे जर्मन भाषांतर करून तो प्रसिद्ध केला. अशा रीतीने मोजल्या जाणाऱ्या कणांना आज बोस यांच्या नावावरून ‘बोसॉन’ म्हणतात. एकाच अवस्थेत कितीही फोटॉन एकत्र राहू शकतात. लेसर किरणांची एकजूट शक्य होते, ती या गुणामुळे.

‘फोटॉन’ हे नाव मात्र बरेच उशिरा रूढ झाले. अमेरिकन रसायनशास्त्रज्ञ गिल्बर्ट लुइस यांनी डिसेंबर १९२६ मध्ये ‘नेचर’ नियतकालिकातील पत्रात ते वापरले. लुइस यांच्या मते फोटॉन नव्याने निर्माण होत नाहीत किंवा नष्टही होत नाहीत. हा विचार चुकीचा ठरला, कारण दिव्यात फोटॉन जन्मतात आणि काळ्या कपड्यात ते संपतात. विचार मागे पडला, नाव टिकले.

नाशिकरोडची नोट आणि अतिनील दिवा

भारतीय नोटा एकेकाळी इंग्लंडहून छापून येत. नाशिकरोड येथे १९२५ मध्ये सुरक्षा मुद्रणालय आणि १९२८ मध्ये चलनी नोटांचे स्वतंत्र मुद्रणालय सुरू झाल्यावर हे काम देशात होऊ लागले. आज दोन्ही मुद्रणालये केंद्र सरकारच्या मुद्रा व मुद्रणविषयक महामंडळाच्या अखत्यारीत आहेत.

बँकेत किंवा सराफी दुकानात रोखपालाच्या टेबलावर जांभळट प्रकाशाचा छोटा दिवा असतो. त्याखाली नोट धरली की तिच्यावरील क्रमांक चमकू लागतात आणि एरवी न दिसणारे बारीक रंगीत धागे कागदात उजळून निघतात. या क्रमांकांची शाई व धागे अतिनील प्रकाशात चमकणारे असतात, ही माहिती रिझर्व्ह बँकेने जाहीर केलेल्या सुरक्षा चिन्हांच्या यादीतही आहे.

या चमकण्यामागे फोटॉनचा सरळ हिशेब आहे. अशा दिव्यातून साधारणतः ३६५ नॅनोमीटर तरंगलांबीचे, म्हणजे सुमारे ३.४ इलेक्ट्रॉन व्होल्ट ऊर्जेचे अतिनील फोटॉन बाहेर पडतात. शाईतील रेणू असा एक फोटॉन गिळतो आणि वरच्या ऊर्जापातळीवर जातो. त्यातील थोडी ऊर्जा तो थरथरण्यात, म्हणजे उष्णतेच्या रूपात घालवतो आणि उरलेली नव्या फोटॉनच्या रूपाने बाहेर टाकतो. नवा फोटॉन मूळच्यापेक्षा दुबळा असल्यामुळे तो अतिनील न राहता हिरवा, पिवळा किंवा तांबडा दिसतो. या घटनेला प्रतिदीप्ती म्हणतात. बाहेर पडणारा प्रकाश आत गेलेल्या प्रकाशापेक्षा दुबळा असतो, हे जॉर्ज स्टोक्स यांनी १८५२ मध्येच नोंदवले होते. त्याचे कारण पुढे फोटॉनच्या कल्पनेने दिले.

याच कारणामुळे तांबड्या प्रकाशाची कितीही प्रखर विजेरी धरली तरी नोटेवरचा हा खेळ सुरू होत नाही. १.९ इलेक्ट्रॉन व्होल्टच्या नाण्यांची रास लावली, तरी ३ इलेक्ट्रॉन व्होल्टच्या आसपासचे नाणे मागणारे यंत्र ढिम्म राहते. एक लहानसा अतिनील दिवा मात्र पुरेसा होतो. आइन्स्टाइन यांनी धातूच्या बाबतीत सांगितलेली गोष्टच सराफाच्या गल्ल्यावर रोज घडत असते.

दुसरी खूण कागदाची. वहीचा पांढरा कागद किंवा डिटर्जंटने धुतलेला सदरा अतिनील दिव्याखाली निळसर पांढरा झळकतो, कारण त्यात शुभ्रता वाढवणारी द्रव्ये असतात. चलनी नोटांचा कागद अशा द्रव्यांशिवाय बनवण्याची पद्धत असल्याने तो दिव्याखाली काहीसा मंद दिसतो. संपूर्ण नोटच निळसर झळाळू लागली तर संशयाला जागा असते. अर्थात एकाच खुणेवर विसंबणे योग्य नव्हे. साबणाच्या पाण्यात भिजलेली खरी नोटही दिव्याखाली झळकू शकते. जलचिन्ह, सुरक्षा धागा, उठावदार छपाई या सर्व खुणा एकत्र पाहणेच हिताचे. अतिनील दिव्याकडे सरळ टक लावून पाहणे डोळ्यांना अपायकारक असते, हेही दुकानदारांनी ध्यानात ठेवायला हवे.

याच नोटेवर प्रकाशाची दुसरी बाजूही दिसते. पाचशे रुपयांच्या सध्याच्या नोटेवर खाली उजवीकडे छापलेला ‘५००’ हा आकडा आणि सुरक्षा धागा नोट तिरपी केली की हिरव्याचे निळे होतात. साबणाच्या फुग्यावर किंवा रस्त्यावर सांडलेल्या तेलावर दिसणाऱ्या रंगांच्या जातीचा हा परिणाम आहे. अतिशय पातळ थराच्या वरच्या व खालच्या पृष्ठभागांवरून परतणारे तरंग एकमेकांत मिसळतात आणि कोन बदलला की वेगळा रंग उठून दिसतो. हे व्यतिकरण होय आणि त्याचे स्पष्टीकरण तरंगाच्या भाषेतच देता येते. चमकणारा क्रमांक प्रकाशाला कण ठरवतो, तर रंग बदलणारा आकडा त्याला तरंग ठरवतो. दोन्ही खुणा एकाच कागदावर आहेत.

लासलगावचा कांदा

आशियातील सर्वांत मोठी कांदा बाजारपेठ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या लासलगावमध्ये भाभा अणुसंशोधन केंद्राने २००२ मध्ये ‘कृषक’ हे केंद्र उभारले. ‘कृषी उत्पादन संरक्षण केंद्र’ या नावाचे ते लघुरूप. उन्हाळ कांदा चाळीत भरल्यावर काही महिन्यांनी त्याला कोंब फुटू लागतात आणि भाव येईपर्यंत माल हाती राहत नाही, ही उत्पादकांची जुनी अडचण. त्यावरचा एक उपाय म्हणून हे केंद्र कांद्यासाठी योजले गेले. कांद्यावरील अशा प्रक्रियेला देशात १९९४ मध्ये परवानगी मिळाली होती.

येथील प्रकाशाचा स्रोत आहे कोबाल्ट-६०. या किरणोत्सारी धातूच्या अणुगर्भातून ११ लाख ७० हजार आणि १३ लाख ३० हजार इलेक्ट्रॉन व्होल्ट ऊर्जेचे गॅमा फोटॉन बाहेर पडतात. नोटेवरच्या अतिनील फोटॉनपेक्षा ते सुमारे साडेतीन ते चार लाखपटींनी बलवान असतात. जाड काँक्रीटच्या भिंतींआड या किरणांसमोरून माल पुढे सरकवला जातो. कांद्यात शिरलेला गॅमा फोटॉन बहुतांशी तेच करतो, जे कॉम्प्टन यांनी ग्रॅफाइटमध्ये पाहिले. तो इलेक्ट्रॉनला धडक देतो. उसळलेला वेगवान इलेक्ट्रॉन पुढे हजारो रेणूंची मोडतोड करतो. कांद्याच्या मध्यभागी असलेल्या कोंबाच्या पेशींतील डीएनएला त्यामुळे इजा होते. त्या पेशींचे विभाजन थांबते आणि कोंब फुटत नाही.

ऊर्जेचा हिशेब मांडला तर आश्चर्य वाटते. कोंब रोखण्यासाठी सुमारे ६० ग्रे मात्रा पुरते. एक ग्रे म्हणजे किलोला एक ज्यूल. शंभर ग्रॅमच्या एका कांद्याला त्यामुळे अवघी सहा ज्यूल ऊर्जा मिळते. दुपारच्या उन्हात तेवढी ऊर्जा त्याच कांद्यावर सुमारे दोन सेकंदांत पडते. गॅमा किरणांच्या या मात्रेने कांद्याचे तापमान अंशाच्या सुमारे सत्तराव्या भागाइतकेच वाढते. तरीही शेतात दिवसभर ऊन खाणाऱ्या कांद्याचे कोंब मरत नाहीत आणि केंद्रातून बाहेर पडलेल्याचे फुटत नाहीत. एकूण ऊर्जा नगण्य, मात्र ती बलवान हप्त्यांत मिळालेली, हे त्याचे कारण.

विकिरण प्रक्रिया केलेला कांदा स्वतः किरणोत्सारी होतो काय, हा ग्राहकांच्या मनातील सर्वांत मोठा प्रश्न. त्याचेही उत्तर फोटॉनच्या ऊर्जेतच आहे. स्थिर अणुगर्भ फोडून त्यातून कण बाहेर काढायचा तर त्यासाठी किमान ठरावीक ऊर्जेचा फोटॉन लागतो. अन्नातील मूलद्रव्यांमध्ये सर्वांत सैल बांधणीचा अणुगर्भ जड हायड्रोजनचा असून त्यालाही सुमारे २२ लाख इलेक्ट्रॉन व्होल्ट लागतात; कार्बन, ऑक्सिजन यांना त्याहून पुष्कळ अधिक. कोबाल्टचा फोटॉन १३ लाख ३० हजारांच्या पुढे जात नाही. माल कितीही वेळ समोर ठेवला, तरी छोट्या नाण्यांची बेरीज येथेही होत नाही. कांदा कोबाल्टला स्पर्शही करत नाही. दिवा मालवल्यावर खोलीत प्रकाश साठून राहत नाही, तसेच गॅमा फोटॉनही कांद्यात उरत नाहीत.

मात्र ही प्रक्रिया म्हणजे सर्व दुखण्यांवरचा रामबाण उपाय नव्हे. काढणीनंतर कांदा सुप्तावस्थेत असतानाच ती केली तर कोंब रोखले जातात. उशीर झाला तर उपयोग घटतो. कांदा सडणे किंवा सुकून वजन घटणे तिने थांबत नाही, त्यासाठी साठवणुकीची व्यवस्थाच चांगली लागते. कोबाल्ट-६० चे अर्धे आयुष्य ५.२७ वर्षांचे असल्याने स्रोत हळूहळू क्षीण होतो आणि ठरावीक काळाने त्यात भर घालावी लागते. लासलगावच्या या केंद्राला पुढे आंब्यानेही ओळख मिळवून दिली. फळमाशी व कोयीतील किडा यांच्या भीतीने अमेरिकेने भारतीय आंब्याला दार बंद केले होते. येथे ४०० ग्रे मात्रेची प्रक्रिया केल्यानंतर २००७ मध्ये तो अमेरिकेत जाऊ लागला.

खोडदच्या तबकड्या आणि अंतराळातील मोजणी

नाशिक-पुणे मार्गावर नारायणगावाजवळ खोडद येथील जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली उभी राहिली. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या तिच्या ३० तबकड्या सुमारे २५ किलोमीटरच्या परिसरात विखुरलेल्या आहेत. विश्वातील हायड्रोजन वायूचा २१ सेंटिमीटर तरंगलांबीचा संदेश टिपणे, हे तिचे एक प्रमुख काम. हायड्रोजन अणूतील इलेक्ट्रॉनचे स्वतःभोवतीचे फिरणे उलटे झाले की हा फोटॉन बाहेर पडतो. एकट्या अणूला त्यासाठी सरासरी एक कोटी वर्षांहून अधिक काळ लागतो. वायूचा साठा अफाट असल्यामुळेच हा संदेश ऐकू येतो.

या रेडिओ फोटॉनची ऊर्जा इलेक्ट्रॉन व्होल्टच्या दहा लाखांश भागांपैकी जेमतेम सहा भाग इतकी असते. लासलगावच्या गॅमा फोटॉनशी तुलना केली, तर हे प्रमाण सुमारे २१ हजार कोटींस एक असे पडते. इतके दुबळे फोटॉन एकेक करून मोजता येत नाहीत. म्हणून रेडिओ खगोलशास्त्रज्ञ तरंगाचीच भाषा वापरतात.

बलवान फोटॉनच्या बाबतीत मोजणी शक्य होते. सप्टेंबर २०१५ मध्ये सोडण्यात आलेल्या ‘ॲस्ट्रोसॅट’ या भारतीय उपग्रहावरील अतिनील दुर्बीण एकेक फोटॉन टिपते. पुण्याच्या ‘आयुका’ संस्थेतील कनक साहा आणि सहकाऱ्यांनी तिच्या साहाय्याने २८ तासांहून अधिक काळ एकाच दिशेला पाहून, सुमारे ९३० कोटी प्रकाशवर्षे दूरच्या दीर्घिकेतील अतिनील फोटॉन शोधून काढले. हे संशोधन २०२० मध्ये प्रसिद्ध झाले. विश्व प्रसरण पावत असल्याने वाटेत या फोटॉनांची तरंगलांबी दुपटीहून अधिक ताणली गेली होती. निघताना असलेली त्यांची ऊर्जा पोहोचताना उरली नव्हती.

कण की तरंग?

फोटॉनला वस्तुमान नाही, विद्युतभार नाही. निर्वातात तो सेकंदाला २९ कोटी ९७ लाख ९२ हजार ४५८ मीटर या एकाच वेगाने जातो. वस्तुमान नसले तरी संवेग असल्यामुळे तो ज्यावर आदळतो त्याला किंचित ढकलतो. जपानने २०१० मध्ये सोडलेल्या ‘इकारोस’ या यानाने सूर्यप्रकाशाच्या अशा रेट्यावर शीड उभारून प्रवास केला.

असा हा फोटॉन कण आहे की तरंग, या प्रश्नाने शास्त्रज्ञांनाही दीर्घकाळ सतावले. १९०९ मध्ये जेफ्री टेलर यांनी अत्यंत मंद प्रकाशात सुईच्या सावलीचे छायाचित्र घेतले. त्यासाठी सुमारे तीन महिने फिल्मवर प्रकाश पडू द्यावा लागला. सावलीच्या कडेला दिसणारे तरंगांचे पट्टे तितक्या मंद प्रकाशातही कायम होते. पुढे १९६० च्या दशकात असे लक्षात आले की, प्रकाशविद्युत परिणामाचे बरेचसे स्पष्टीकरण प्रकाशाला तरंग मानून आणि पुंजाचे नियम फक्त अणूंना लावूनही देता येते. त्यामुळे फोटॉनचा निर्विवाद पुरावा वेगळ्या वाटेने शोधावा लागला.

तो १९७७ मध्ये रोचेस्टर विद्यापीठातील किंबल, डॅजेनाइस आणि मँडेल यांच्या प्रयोगातून मिळाला. एक अणू दोन फोटॉन एकाच क्षणी सोडत नाही. एक सोडल्यावर दुसऱ्यासाठी त्याला दम घ्यावा लागतो, असे त्यांना दिसले. १९८६ मध्ये फ्रान्समध्ये ग्रँजिए, रॉजे आणि आस्पे यांनी एकेक फोटॉन अर्धपारदर्शक आरशावर सोडला. तो आरशाच्या या बाजूला तरी सापडला किंवा त्या बाजूला तरी. दुभंगून दोन्हीकडे एकाच वेळी सापडला नाही. त्याच फोटॉनांचे दोन्ही मार्ग पुन्हा एकत्र आणले, तेव्हा मात्र तरंगांचे पट्टे उमटले. यातील ॲलँ आस्पे यांना जॉन क्लाउझर व अँटोन झायलिंगर यांच्यासमवेत २०२२ चे नोबेल पारितोषिक मिळाले, ते एकमेकांत गुंतलेल्या फोटॉनांवरील प्रयोगांसाठी.

आजच्या पुंजभौतिकीचे म्हणणे असे की, फोटॉन म्हणजे अतिसूक्ष्म गोळी नव्हे आणि पाण्यावरची लाटही नव्हे. विद्युतचुंबकीय क्षेत्राची ऊर्जा ज्या पायऱ्यांनी चढते-उतरते, त्यातील एक पायरी म्हणजे एक फोटॉन. तो कोठे सापडण्याची शक्यता किती, हे तरंगाच्या नियमांनी ठरते. सापडतो तेव्हा तो संपूर्ण सापडतो.

भीती कशाची बाळगावी?

मोबाइलचा मनोरा, विकिरण केंद्र आणि क्ष-किरण यंत्र या सर्वांना सरसकट ‘रेडिएशन’ म्हणण्याची प्रथा आहे. एका फोटॉनची ऊर्जा विचारली की यातील फरक स्पष्ट होतो. १८०० मेगाहर्ट्झच्या मोबाइल लहरींतील फोटॉनपेक्षा रासायनिक बंध तोडू शकणारा फोटॉन काही लाख पटींनी बलवान असावा लागतो. त्यामुळे या लहरी गॅमा किरणांप्रमाणे एका धडकेत डीएनए मोडू शकत नाहीत. त्यांचा सिद्ध झालेला परिणाम उष्णतेचा असून तो एकूण शक्तीवर अवलंबून असतो आणि सुरक्षिततेच्या मर्यादा त्यावरूनच ठरवल्या जातात. उलट भर दुपारच्या उन्हातील अतिनील फोटॉन त्वचेतील डीएनएला थेट इजा करू शकतात. उन्हाची सवय झाल्याने त्याची भीती वाटत नाही, एवढेच.

नक्कल न होणारी नोट

खोटी नोट रोखण्याचा फोटॉनशी असलेला संबंध अतिनील दिव्यापाशी संपत नाही. स्टीफन विझनर या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९७० च्या सुमारास एक विलक्षण कल्पना मांडली. नोटेत काही फोटॉन अडकवून ठेवावेत आणि त्यांच्या कंपनाच्या दिशा फक्त बँकेलाच ठाऊक असाव्यात. अज्ञात अवस्थेतील फोटॉनची हुबेहूब प्रत काढता येत नाही आणि त्याला मोजायला गेले तर तो बिघडण्याची शक्यता असते, हा निसर्गाचा नियमच आहे. अशा नोटेची नक्कल करणे म्हणूनच तत्त्वतः अशक्य ठरते. हा निबंध प्रसिद्ध होण्यास १९८३ साल उजाडले. फोटॉन दीर्घकाळ साठवून ठेवणे अत्यंत कठीण असल्याने अशी नोट कोणाच्या खिशात आलेली नाही.

त्याच कल्पनेतून गुप्त संदेशाची पद्धत मात्र जन्मली. चार्ल्स बेनेट आणि जिल ब्रासार यांनी ती डिसेंबर १९८४ मध्ये बंगळूर येथील परिषदेत सादर केली. एकेका फोटॉनवर लिहिलेली किल्ली वाटेत कोणी वाचली तर तिच्यात चुका उमटतात आणि चोरी उघड होते. मार्च २०२१ मध्ये ‘इस्रो’ने अहमदाबाद येथे ३०० मीटर अंतरावर, उघड्या हवेतून अशा संदेशवहनाचे प्रात्यक्षिक केले. एप्रिल २०२३ मध्ये केंद्र सरकारने ६,००३ कोटी ६५ लाख रुपयांच्या राष्ट्रीय क्वांटम मोहिमेला मंजुरी दिली. तिच्या चार प्रमुख केंद्रांपैकी सूक्ष्म संवेदन व मापनाचे केंद्र मुंबईच्या आयआयटीकडे आहे.

प्लँक यांना गणिती सोय वाटलेली आणि मिलिकन यांना न पटलेली ही कल्पना आता कायद्याने ठरवलेल्या वजनमापांचा आधार झाली आहे. खऱ्या-खोट्याची पारख तिच्यावर चालते आणि चाळीतल्या कांद्याचे आयुष्यही तिच्यावर वाढते. ‘रेडिएशन’ हा शब्द कानावर पडला की ते किती आहे, हे विचारण्याची पद्धत आहे. त्याआधी एका फोटॉनची ऊर्जा किती, हा प्रश्न विचारला तर निम्मी भीती आपोआप ओसरेल आणि उरलेली योग्य जागी राहील.